पाठीमागचं शहर

आमच्या लाँचवर येणारा प्रत्येक माणूस माझ्या नवऱ्याला कप्तान म्हणतो. टोपी त्याच्या डोक्यावर, माइक त्याच्या हातात, आणि आवाज असा की काठावरच्या लोकांनी खिडक्या उघडून बघावं. लाँच चालवते मी. मागे काचेच्या केबिनमध्ये चाकाशी उभी असते. उतरताना लोक त्याच्याशी हात मिळवतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि माझ्याकडे बघून "येतो हं मावशी" म्हणतात, जणू मी त्यांना चहा करून दिला. आयत्या बिळावर नागोबा, असं मी त्याला कितीदा तरी म्हटलंय. तो टोपी काढून लवून नमस्कार करतो.

तो मला सुकाणू म्हणतो. "सुकाणू, निघायचं का?" असं माइकवरून विचारतो, लोकांना वाटतं इंजिनाशी बोलतोय. एरवी आमचं अरे-तुरेच आहे. मी 'अहो' म्हटलं की समजायचं, बाई चिडलीय.

आमचा धंदा म्हणजे हे शहर दाखवणं. नदी शहराच्या मधून जाते, आणि जे काही जुनं, बघण्यासारखं आहे ते सगळं काठावर आहे. धक्क्यावरून निघायचं, दगडी पुलाखालून डाव्या काठाने खाली जायचं. आधी जकात घर, मग नाट्यगृह, मग वळणावरचं ग्रंथालय. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी वळायचं आणि उजव्या काठाने वर चढायचं. तिथे जुना तुरुंग आहे, त्याचं आता संग्रहालय झालंय. त्याच्या अलीकडे एक बंद पडलेली गिरणी, तिच्यात हल्ली चित्रं लावतात. मग परत धक्का. फेरी संपली, सीटा पुसा, तळात साचलेलं पाणी पंपाने काढा, पुढची माणसं घ्या.

यात एक गोष्ट आहे, ती आधी सांगते. प्रवासी पुढे तोंड करून बसतात आणि कप्तान त्यांच्याकडे तोंड करून उभा राहतो. म्हणजे शहराकडे त्याची पाठ. "इमारती कुठे पळून जात नाहीत," तो म्हणायचा, "कंटाळली की माणसं पळतात." म्हणून तो चेहऱ्यांवर नजर ठेवायचा, आणि कुठली इमारत आली ते त्याला मी सांगायचे. तोंडाने नव्हे. पुलाच्या कमानीखाली मी इंजिन न्यूट्रलला टाकते, लाँच आपोआप तरंगत जाते, आणि त्या शांततेत त्याने "ओ" दिली की कमान उलटून "ओ" देते. जकात घरासमोर पाण्यात खडक आहेत, तिथे वेग कमी करते. नाट्यगृहापाशी दुपारचं ऊन लोकांच्या डोळ्यांत जातं, म्हणून लाँचचं नाक जरा उजवीकडे घेते, सगळ्यांच्या सावल्या सरकतात. ग्रंथालयाच्या वळणावर भोंगा द्यायचा, तो नियमच आहे. तुरुंगाशी प्रवाहाच्या विरुद्ध चढायचं असतं, इंजिन ओरडतं. हे आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं. एका स्वयंपाकघरात दोघं वर्षानुवर्षं राबली की एकाने हात पुढे करावा आणि दुसऱ्याने न बघता झाकण द्यावं, तसं ते होऊन बसलं होतं.

नाट्यगृहापाशी त्याची एक ठरलेली गोष्ट होती. नाट्यगृहाचं मागचं दार नदीवर उघडतं, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, कारण पूर्वी नाटकांचं सामान होडीने यायचं. त्या होड्या माझ्या वडिलांच्या. तरुणपणी मी त्या चालवायचे आणि हा आत पडदे ओढायचा. एकदा सामान उतरवताना याने पुठ्ठ्याचा अख्खा राजवाडा पाण्यात पाडला. मी तोंडाला येईल ते बोलले. याने मागचापुढचा विचार न करता उडी टाकली. पोहता येत नव्हतं. मी काठीच्या आकड्याने कॉलरला धरून वर ओढला. ही झाली खरी हकीकत. माइकवर मात्र ती अशी व्हायची की होडीत एक मुलगी उभी होती, आणि तिला बघता बघता एका बिचाऱ्याचा पाय कुठे ठरेना, राजवाडा गेला तर गेला, तो उडी मारून निघाला तिच्याकडे. इथे मी छोटा भोंगा मारायचे. म्हणजे, खोटं! राजवाडा वाचवायला उडी मारली होती, नोकरी जाईल म्हणून. लोक हसायचे. हा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "ऐकलंत? अजून शिव्या देते." रोज, प्रत्येक फेरीला, आणि प्रत्येक वेळी लोकांना वाटायचं की त्याला हे आत्ताच सुचलं.

तुरुंगापाशीही एक होतं. आमची लेक तिथे संग्रहालयात तिकिटं फाडते. लाँचचा आवाज आला की ती वरच्या मजल्यावर गजांच्या खिडकीत येऊन हात वर करते. "या तुरुंगात आता एकच कैदी उरलाय," कप्तान म्हणायचा, "माझी लेक. संध्याकाळी जामिनावर सुटते, सकाळी आपल्या पायांनी परत जाते." सगळी लाँच तिला हात करायची.

मग जकात घरासमोर गाळ काढायचं मोठं यंत्र येऊन उभं राहिलं. प्रवाहाबरोबर जाणारी लाँच चटकन थांबत नाही, म्हणून नदी कार्यालयाने सगळ्यांना फेरी उलटी करायला सांगितली. उजव्या काठाने खाली जा, डाव्या काठाने वर चढा. मला काय, पाणी तेच. मी कप्तानाला सकाळी सांगितलं, त्याने "बरं" म्हटलं.

दुपारच्या फेरीला तुरुंगापाशी आलो आणि ऊन लोकांच्या डोळ्यांत जायला लागलं. मी हाताच्या सवयीने नाक जरा उजवीकडे घेतलं. सावल्या सरकल्या. कप्तानाने माइक वर केला.

"मंडळी," तो म्हणाला, "या इमारतीत एकदा शिरलेल्या माणसाला बाहेर पडावंसं वाटत नाही. वेळ संपली तरी लोक जागेला चिकटून बसतात. पहारेकऱ्याला दिवे मालवून त्यांना हाकलावं लागतं. आमच्या शहराने जेवढं हसून घेतलं, ते सगळं याच भिंतींच्या आत."

समोर गजांच्या खिडक्या. लाँचमध्ये असा हशा पिकला की एक बाई खोकून खोकून लाल झाली. मीही हसले. म्हटलं, पठ्ठ्याने आज नवीन काढलं. तो खूश झाला आणि पुढे सांगायला लागला. मागचं दार, पाण्यातल्या पायऱ्या, होडीतली मुलगी. लोकांचं हसू हळूहळू ओसरलं, ते एकमेकांकडे बघायला लागले, कारण तुरुंगाला पायऱ्या नाहीत. तो उडीपर्यंत आला आणि थांबला. तोंड अर्धवट उघडं, हात छातीकडे निघालेला. तो माझ्या भोंग्याची वाट बघत होता.

वर खिडकीत लेक हात वर करून उभी होती. तिचा हात तसाच राहिला. लाउडस्पीकरवरून तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी भोंगा मारला, कारण दुसरं काय करणार. तो म्हणाला, "ऐकलंत? अजून शिव्या देते." आणि लेक खिडकीतून आत गेली.

त्या दिवसापासून मला काही होईनासं झालं. रडू नाही, भीती नाही. भूक लागत होती, झोप येत होती. दाढ काढायच्या आधी डॉक्टर गाल बधिर करतात, मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा लागतो, तसं. दोर बांधत होते, डिझेल भरत होते, लाइफ जॅकेटांचे पट्टे तपासत होते. लेकीने फोनवर विचारलं, "आई, तू ठीक आहेस ना?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?"

मग मी बघायला लागले, आणि बघायला लागल्यावर दिसायला लागलं. सकाळी तो न्हाणीच्या दारात उभा राहायचा आणि मी आतून पाण्याचा नळ सोडायचे, मग तो आत यायचा. जेवणाच्या टेबलाशी मी त्याची खुर्ची पायाने ओढायचे, मग तो बसायचा. शेजारी भेटले की मी आधी त्यांचं नाव घेऊन बोलायचे, मग तो त्याच नावाने त्यांची चौकशी करायचा. किती दिवस हे चाललं होतं, देव जाणे. दुसऱ्या कुणाच्या घरात ते वर्षभर आधी लक्षात आलं असतं. आमच्याकडे ती कामाची पद्धत होती.

लेकीने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता, सावकाश बोलणारा. "कप्तान, तुमच्या फेरीतल्या काही इमारती सांगा बघू." याने माझ्याकडे बघितलं. "त्यांच्याकडे नको, माझ्याकडे बघून सांगा." हा खुर्चीच्या दांड्याला धरून म्हणाला, "तुमची खुर्ची हलत नाही हो."

डॉक्टरांनी लेकीकडे बघितलं. मला कळलं कप्तानाला काय म्हणायचंय. खाली बघितलं तर मी माझ्या खुर्चीत उजवीकडे कलून बसले होते.

डॉक्टरांनी पुढचं सगळं सांगितलं. काय जाईल, काय उरेल, कुठलं औषध कशासाठी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी मनात म्हटलं आणि घरी येऊन भात टाकला.

खरी अडचण वेगळीच होती. नदी कार्यालयाकडून दर काही वर्षांनी गाइडांची परीक्षा होते. परीक्षक लाँचवर येतो, एक फेरी मारतो, मधेच प्रश्न विचारतो. पास झालं तर बिल्ला राहतो, नाही तर काढून घेतात. कप्तानाची परीक्षा पुढच्याच महिन्यात होती.

लेकीने मला संग्रहालयात बोलावलं. तिची तिकिटांची खोली म्हणजे पूर्वीची कोठडी, भिंतीवर कैद्यांनी नखांनी ओढलेल्या रेघा आहेत, त्यावर काच लावलीय. ती स्टुलावर बसली, मी तिकिटांच्या खोक्यावर.

"बाबांचा बिल्ला आधीच परत देऊ," ती म्हणाली. "आपणहून. लोकांसमोर नापास व्हायला नकोत."

"नापास कशाला होईल?"

"आई!"

"मी आहे ना. यंत्र गेलं, फेरी सरळ झाली. पुलाखाली इंजिन शांत झालं की तो पूल सांगतो. नाक वळलं की नाट्यगृह. एक शब्द चुकत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि सव्वा लाखाची मूठ धरून तू किती दिवस उभी राहणार?"

"जेवढे दिवस चाक धरते तेवढे."

तिने तिकिटांची चळत सरळ केली. मग हळूच म्हणाली, "घरी आणू त्यांना. सकाळी मी थांबेन, दुपारी कुणीतरी बघू."

"घरी काय करेल तो? भिंती बघेल? लाँचवर तो कप्तान आहे. घरी तो कोण आहे, सांग बरं मला?" माझा आवाज चढला होता. बाहेर तिकिटाला थांबलेला माणूस दोन पावलं मागे सरकला. "टोपी काढली की तो माणूस संपला. तुला पटत नसेल, पण मला माहितीय."

"आई, तू एकदा रडून घे ना."

"वेळ मिळाला की रडते," मी म्हटलं आणि उठले, कारण फेरीची वेळ झाली होती.

पुढचे दिवस मी सराव करून घेतला. त्याला ठाऊक नव्हतं की सराव चाललाय. मी वळणं जास्त ठळक करायला लागले, पुलाखाली इंजिन जरा लवकर न्यूट्रलला टाकायला लागले, खडकांपाशी लाँच जवळजवळ थांबवायचे. तो खुलला. त्या दिवसांत तो इतका छान बोलला की एका कुटुंबाने उतरून पुन्हा तिकीट काढलं. मी काचेआडून बघत होते. अभिमान वाटायला हवा होता, निदान भीती तरी. दोन्हींपैकी काहीच आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई आल्या त्या सर्दीने बेजार होऊन. नाक लाल, हातात रुमाल, बसायला स्वतःची उशी. लाँच रिकामी ठेवायची असते, म्हणून सगळ्या सीटांमध्ये त्या एकट्याच. कप्तानाने तरीही टोपी काढून अख्ख्या सभेला करावा तसा नमस्कार केला. "सुकाणू, निघायचं का?"

पुलाखाली "ओ" दिली, कमानीने परत दिली. परीक्षक बाईंनी मान हलवली. जकात घरापाशी वेग कमी केला, हा व्यापाऱ्यांची आणि जकातदाराची गोष्ट सांगायला लागला. बाई हसल्या नाहीत, शिंकल्या. हा जरासा गडबडला, कारण हसू आलं नाही की त्याला पुढची पायरी सापडत नाही. मी खडकाजवळून एक हलकासा झोका दिला. गाडी परत रुळावर आली. मनात म्हटलं, आता नाट्यगृह, ते तर त्याला झोपेतही येतं.

तेवढ्यात परीक्षक बाई मागे वळल्या. "बाई, ते इंजिन जरा बंद करता का? कानात दडे बसलेत, आवाज नुसता डोक्यात घुमतोय."

त्यांच्या मनात काही नव्हतं. खरोखरच दडे बसले होते. मी इंजिन बंद केलं. लाँच प्रवाहात हळूहळू सरकायला लागली, पाणी बाजूला चुळबुळत होतं. नाट्यगृह समोर आलं. पिवळा दगड, वर नाक तुटलेले दगडी मुखवटे, खाली ओल्या पायऱ्या आणि ते मागचं हिरवं दार.

"कप्तान," बाई म्हणाल्या, "तुम्ही सारखे माझ्याकडे बघून बोलता. जरा वळा की. ही समोरची इमारत कुठली?"

तो वळला. त्याने टोपी जरा मागे सारली आणि बघत राहिला.

माझे हात चाकावर होते. इंजिन बंद असलं तरी वाहत्या पाण्यात चाक फिरवलं की नाक थोडं वळतं. थोडंच पुरलं असतं. सावली सरकली असती आणि त्याला आठवलं नसतं तरी तोंडात आलं असतं: पडदा, पहारेकरी, राजवाडा. बाईंनी सही केली असती. उद्या सकाळी तो टोपी घालून धक्क्यावर उभा राहिला असता. मला एवढंच करायचं होतं, आणि ते मी इतके दिवस करत आले होते.

"वा!" तो म्हणाला.

परीक्षक बाई वाट बघत होत्या.

"काय बांधलंय!" तो म्हणाला. "ते वरचे चेहरे बघा. एक हसतोय, एक रडतोय. कुणाचं आहे हो हे?" मग तो बाईंना सोडून माझ्याकडे वळला. "सुकाणू, हे काय आहे गं?"

त्याचा चेहरा मला नीट दिसला. घरी, दवाखान्यात, शेजाऱ्यांसमोर तो कितीतरी दिवस परीक्षेला बसल्यासारखा दिसत होता, आणि ते मला इतकं सवयीचं झालं होतं की त्याचा चेहराच तसा आहे असं वाटायला लागलं होतं. इथे, खऱ्या परीक्षेत, तो तसा दिसत नव्हता. त्याला घाबरायला झालं नव्हतं. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं.

मी चाक सोडलं.

"नाट्यगृह आहे," मी केबिनचं दार उघडून मोठ्याने म्हटलं. "तू इथे पडदे ओढायचास."

"मी?"

"हो, तू."

"अरे वा," तो म्हणाला, आणि पुन्हा तिकडे बघायला लागला.

परीक्षक बाईंनी रुमाल नाकाला लावला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही थांबला असतात तर मी दुसरी एखादी इमारत विचारली असती."

"तीही त्याने मलाच विचारली असती."

"मला बिल्ला घ्यावा लागेल."

"घ्या."

"टोपी कार्यालयाची नसते," त्या म्हणाल्या. "ती राहू द्या."

त्यांनी हात पुढे केला. कप्तानाने आधी हाताकडे, मग स्वतःच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं, पिन काढली आणि बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला. "आवडला का तुम्हाला?" तो म्हणाला. "ठेवा, ठेवा."

संध्याकाळी लेक घरी आली ती कंबर कसूनच. मला वाटलं आता म्हणेल, सांगितलं होतं ना. पण ती दारात चपला काढता काढताच रडली, मग बाबांच्या शेजारी जाऊन बसली. मी तिला पाणी दिलं.

"मग आता घरी?" तिने विचारलं.

"नाही. पहिल्या रांगेत."

"आणि बोलणार कोण?"

"अहो, आम्ही," मी लटक्या रागाने म्हटलं. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

नव्या गाइडची परीक्षा कार्यालयातच होते; मी जाऊन ती दिली. परीक्षक बाईंची सर्दी गेली होती. काही विचारायचं बाकी राहिलं नाही, कारण मी थांबलेच नाही. सगळं त्याचंच होतं, विनोदांसकट, आणि विनोद सांगून झाल्यावर थांबायचं किती तेही त्याचंच. बाई यावेळी हसल्या. बिल्ला तोच दिला की दुसरा, मी विचारलं नाही.

पहिल्या फेरीला मी कानाला माइक अडकवला आणि चाकाशी उभी राहिले. कप्तान टोपी घालून पहिल्या रांगेत बसला होता, इतरांसारखा पुढे तोंड करून. एवढी वर्षं पाठीमागे असलेलं शहर आता समोरून त्याच्याकडे येत होतं. लोक चढताना त्याला "कप्तान, कप्तान" म्हणत होते आणि तो सगळ्यांशी हात मिळवत होता. माझा आवाज लाउडस्पीकरवर रिकामी पातेली उतरवल्यासारखा येत होता. काही प्रवासी इकडेतिकडे बघायला लागले, बोलतंय कोण म्हणून.

पुलाखाली मी इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि ओरडायचं विसरले. शांतता पसरली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून "ओ!" आली. कमानीने ती परत दिली, आणि कप्तान मागे वळून सगळ्यांकडे बघत राहिला, काय सापडलं बघा म्हणून. जकातदाराच्या विनोदाला सगळ्यांत आधी तोच हसला.

नाट्यगृहापाशी मी नाक उजवीकडे घेतलं. ती गोष्ट गाळायची असं मी ठरवून आले होते. मुखवट्यांबद्दल सांगितलं, पहारेकऱ्याबद्दल सांगितलं आणि गप्प बसले.

"आणि ते हिरवं दार?" कप्तानाने विचारलं. "तिथून पाण्यात कशाला उतरायचं?"

सगळे तिकडे बघायला लागले. मग सांगावंच लागलं. मी खरी हकीकत सांगितली, माझी. सामानाच्या होड्या यायच्या. होडीवर एक मुलगी होती, जिभेने फटकळ. पडदे ओढणाऱ्या एका पोराने पुठ्ठ्याचा राजवाडा नदीत पाडला. तिने त्याला वाट्टेल ते सुनावलं. त्याला पोहता येत नव्हतं, तरी त्याने उडी मारली, राजवाडा वाचवायला.

"छे," कप्तान म्हणाला.

"काय छे?" माझ्या तोंडून माइकवरच गेलं.

"राजवाड्यासाठी कोण उडी मारतं हो?" तो शेजारच्या बाईंना समजावून सांगायला लागला. "पुठ्ठ्याच्या? आणि पोहता येत नसताना? मुलीसाठीच मारली असणार." शेजारच्या बाई हसून हो म्हणाल्या. मग त्याने केबिनकडे मान वळवली. "पुढे काय झालं त्यांचं?"

माझा हात भोंग्यावर होता. तो मी काढून घेतला.

"लग्न झालं," मी म्हटलं.

"वाटलंच," तो म्हणाला आणि पुन्हा पुढे तोंड करून बसला. ते दार मागे पडेपर्यंत तो त्याच्याकडे बघत होता.

पुढे ग्रंथालयाचं वळण आलं. तिथे भोंगा द्यायचा असतो. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मी तो जरा जास्तच वेळ दाबून धरला.